'समुदाय तयार होतो' म्हणजे नेमकं काय होतं? चाहत्यांच्या म्युझिक व्हिडिओंवरचं संशोधन वाचताना

चाहत्यांचा अभ्यास, म्हणजे फॅन स्टडीज, हा विषय घेऊन पीएचडीला येणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'आवडत्या मालिकेवर चाहत्यांनी बनवलेले म्युझिक व्हिडिओ समुदायनिर्मितीस हातभार लावतात.' तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये ते असेल तर खोडू नका, फक्त पेन्सिलने खाली एक रेघ मारून ठेवा. वाक्य खोटं नाहीये. पण आरआरसीच्या बैठकीत कुणी 'म्हणजे कसा?' एवढं जरी विचारलं, तरी बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. या पोस्टमध्ये आपण त्या 'कसा' कडे बघू. त्यासाठी या विषयातलं जे लेखन तुम्हाला वाचावंच लागणार आहे, त्यातलं काय टिकतं आणि काय मला पटत नाही, तेही सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. मालिकेतली दृश्यं कापायची, ती आपल्या पसंतीच्या गाण्यावर नव्याने जोडायची आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा. इंग्रजी मालिकांच्या चाहत्यांमध्ये याला 'व्हिड' म्हणतात, करणाऱ्या व्यक्तीला 'व्हिडर' आणि या उद्योगाला 'व्हिडिंग'. आपल्याकडे हिंदी मालिकांचे चाहते 'व्हीएम' म्हणतात, म्हणजे व्हिडिओ मिक्स. वर्तमानपत्रं 'ट्रिब्यूट व्हिडिओ' लिहितात आणि तिथे मराठीत पंचाईत होते, कारण श्रद्धांजली म्हटलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं आणि मानवंदना म्हटलं की पोलिसांचं संचलन. मी 'व्हिड' हाच शब्द वापरणार आहे. एक कारण सोय, आणि दुसरं असं की ट्रिब्यूट या शब्दात नुसतं कौतुक गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतकच पुढे तपासायचं आहे.

इतिहासाची सुरुवात बहुतेक लेख १९७५ पासून करतात. कँडी फाँग या 'स्टार ट्रेक'च्या चाहतीकडे मालिकेच्या फिल्मचे कापून टाकलेले तुकडे होते. त्यांच्या स्लाइड्स करून, दोन प्रोजेक्टर लावून आणि कॅसेटवर गाणं वाजवून तिने चाहत्यांसमोर एक कार्यक्रम केला. घरोघरी व्हीसीआर यायच्या आधीची ही गोष्ट आहे. मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती, चॅनेल दाखवेल तेव्हाच तिचे जुने भाग बघायला मिळायचे. अशा वेळी प्रसारणात कधीच न आलेल्या फ्रेम्स, ओळखीच्या चेहऱ्यांच्या, अंधाऱ्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून बघायच्या. चाहत्यांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं असेल, विचार करा.

या काळावरचा फ्रान्सेस्का कोप्पा यांचा २००८ चा लेख तुम्हाला वाचावाच लागेल. 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात तो आला. हे नियतकालिक सगळ्यांना फुकट वाचता येतं, त्यामुळे विद्यापीठाच्या लायब्ररीचं लॉगिन चालत नाही ही सबब इथे लागू नाही. कोप्पांचा युक्तिवाद थोडक्यात असा. 'स्टार ट्रेक'च्या १९६४ साली चित्रित झालेल्या पहिल्या पायलटमध्ये, 'द केज'मध्ये, जहाजावर 'नंबर वन' नावाची एक स्त्री अधिकारी होती. हुशार, थंड डोक्याची, हुद्द्याने कप्तानाच्या खालोखाल. मेजल बॅरेट यांनी ती भूमिका केली होती. एनबीसीने तो पायलट नाकारला. दुसऱ्या पायलटमध्ये नंबर वन गायब झाली आणि तिचा तर्ककठोर स्वभाव स्पॉकला मिळाला. बॅरेट मालिकेत परत आल्या त्या स्पॉकवर झुरणारी नर्स चॅपेल म्हणून, आणि जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज म्हणून. म्हणजे एकाच बाईचे तीन तुकडे झाले: बुद्धी स्पॉककडे, इच्छा करणारं शरीर नर्सकडे आणि आवाज यंत्राकडे. कोप्पांच्या मते व्हिडिंगने हे तुकडे पुन्हा जोडले, कारण इथे बाईच बघते, बाईच इच्छा करते आणि यंत्रही बाईच्याच हातात असतं. उदाहरण म्हणून त्या फाँग यांचा 'बोथ साइड्स नाऊ' हा व्हिड घेतात. जोनी मिचेल यांचं हे गाणं त्यात स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनर्ड निमॉय यांच्याच आवाजात आहे, आणि स्पॉकची दुभंगलेली ओळख त्यातून मांडली आहे.

पहिल्यांदा वाचताना हा युक्तिवाद फार भारी वाटतो. एक बाई कापून टाकली आणि त्या मालिकेच्या कापलेल्या तुकड्यांतूनच बायकांनी स्वतःची कला उभी केली. इतकं जुळून आलेलं काही दिसलं की संशोधकाने जरा थांबायला हवं. 'मालिकेत बाईचे तुकडे झाले' ही एक गोष्ट आणि 'बायका व्हिड करू लागल्या' ही दुसरी. यांच्यामध्ये जो पूल आहे तो रूपकाचा आहे. नंबर वनचं जाणं हे व्हिड करण्याचं कारण होतं असं दाखवायचं तर करणाऱ्या बायकांनी तसं कुठेतरी म्हटलेलं हवं, किंवा बऱ्याच व्हिडमध्ये तिची खूण दिसायला हवी. एका व्हिडचं सुंदर वाचन हे त्या व्हिडबद्दलचा पुरावा असतं. संपूर्ण परंपरेचं मूळ सांगायला ते पुरत नाही. लक्षात घ्या, मी लेख वाईट आहे असं म्हणत नाहीये. या विषयातला तो मला सगळ्यात आवडणारा लेख आहे. पण तुम्ही त्याचा आधार घेऊन 'व्हिडिंग ही स्त्रियांच्या पुसलं जाण्याची प्रतिक्रिया आहे' असं सरसकट लिहिलंत, तर पूल तुमच्या वजनाखाली कोसळेल.

माझ्या मते 'कसा' या प्रश्नाचं जास्त भक्कम उत्तर यंत्रांच्या वर्णनात आहे. कोप्पांच्याच लेखात ते आहे, पण लोक उद्धृत करतात तो नंबर वनचा भाग.

१९८० च्या दशकात व्हीसीआर आला आणि व्हिड टेपवर होऊ लागले. दोन व्हीसीआर जोडायचे, एकावर मूळ भाग चालवायचा, दुसऱ्यावर हवा तेवढा तुकडा उतरवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण रेकॉर्डिंग थांबवलं की मशीन टेप थोडी मागे ओढायचं, आणि किती मागे ते प्रत्येक मशीनचं वेगळं. तेवढे क्षण मोजून धरले नाहीत तर आधीच्या तुकड्याचं शेपूट उडायचं, किंवा जोडावर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे यायचे. म्हणून हातात स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक तुकड्याचे सेकंद मोजायचे. तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानेच टाकायचे, मधला एखादा नंतर बदलू म्हटलं तर जमायचं नाही. आणि गाणं सगळ्यात शेवटी चढवायचं. म्हणजे कित्येक तासांच्या कामानंतर, गाणं लावल्यावरच कळणार की चौथ्या मिनिटाला तो नेमका कटाक्ष ठेक्यावर पडतोय की अर्धा सेकंद आधीच निघून गेलाय. हे सगळं व्हिडर बायकांना इतकं अंगवळणी पडलं होतं की १९९० मध्ये 'प्रेशर' नावाचा एक व्हिडच व्हिड करण्याच्या धावपळीवर निघाला, बिली जोएल यांच्या त्याच नावाच्या गाण्यावर.

आता यातून समुदाय कसा होतो ते बघा. एकीकडे दोन चांगली मशीन्स असतात, दुसरीकडे मालिकेच्या स्वच्छ टेप्स, तिसरीला कुठल्या भागात कुठला कटाक्ष आहे ते तोंडपाठ. एकटीकडे हे तिन्ही क्वचितच असायचं. शनिवार-रविवार कुणाच्या तरी घरी जमायचं, मशीन कसं फसवायचं ते एकमेकींना शिकवायचं, तयार टेपच्या कॉपी काढून टपालाने पाठवायच्या. ही माणसं एकमेकींना बांधली गेली ती आधी गरजेतून, आणि आवड त्या गरजेत मिसळत गेली. ही प्रक्रिया लिहून दाखवता येते, तिच्याबद्दल मुलाखतीत प्रश्न विचारता येतात. 'भावनिक नातं निर्माण झालं' या वाक्याबद्दल काय विचारणार?

मग प्रश्न येतो की आज लॅपटॉपवर कुणीही एकट्याने व्हिड करू शकतं, तर ती बांधणी संपली का? इथे बघण्याकडे वळावं लागतं.

हेन्री जेन्किन्स यांचं 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) तुमच्या यादीत असेलच. मिशेल द सर्तो यांच्याकडून त्यांनी 'चोरट्या शिकारी'ची कल्पना घेतली: जमीन मालकाची, पण वाचक तिथे शिरून आपल्याला हवं ते उचलून नेतो. बहुतेक विद्यार्थी पहिलं प्रकरण वाचून थांबतात. सातवं वाचा, ते म्युझिक व्हिडिओंवरच आहे. तिथे जेन्किन्स चाहत्यांच्या व्हिडिओंची तुलना एमटीव्हीच्या व्हिडिओंशी करतात. एमटीव्हीवर गाणं हा माल असतो आणि चित्रं त्याची जाहिरात करतात. व्हिडमध्ये उलटं होतं, गाणं हे पात्राच्या मनात शिरायचं साधन असतं. दृश्य कुठल्या भागातलं आहे, त्याच्या आधी-नंतर काय घडलं, हे बघणाऱ्याला माहीत असतं म्हणूनच दोन सेकंदांच्या तुकड्यात अख्खा प्रसंग मावतो. माहीत नसणाऱ्याला तिथे फक्त एक माणूस दारातून वळून बघताना दिसतो.

म्हणूनच चाहत्यांमध्ये दोन प्रकारच्या व्हिडमध्ये फरक केला जायचा. एक संमेलनाच्या हॉलसाठी: मोठी गर्दी, अर्ध्या लोकांना मालिका जेमतेम माहीत, तेव्हा विनोद ठळक हवा. दुसरे दिवाणखान्यातले: चार-सहा जणी, सगळ्यांना मालिका पाठ, पुन्हा पुन्हा थांबवून बघायची मुभा. कॅमिल बेकन-स्मिथ यांच्या 'एंटरप्रायझिंग विमेन'मध्ये, योगायोगाने तेही १९९२ चंच, नवखीला जुन्या चाहत्या बोट धरून कशा शिकवतात याची तपशिलात वर्णनं आहेत. जेन्किन्सपेक्षा हे पुस्तक कमी उद्धृत होतं, हे मला खटकतं. जेन्किन्सचा चाहता नेहमी काहीतरी करत असतो, उचलतो, बदलतो, प्रतिकार करतो. बेकन-स्मिथकडे तो आधी शिकतो. 'समुदाय तयार होतो' या वाक्याला लागणारं क्रियापद मला त्यांच्याकडे सापडतं. व्हिड बघायला शिकावं लागतं, ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि शिकवणारी-शिकणारी यांच्यात जे तयार होतं त्याला आपण मागाहून समुदाय म्हणतो. टिशा टर्क यांनी २०१० च्या निबंधात व्हिड करणं आणि बघणं या दोन्हींना मिळून लावलेला अर्थ म्हटलंय, तेही याच्याशी जुळतं.

आता कौतुकाच्या गृहीतकाकडे येऊ. २००७ मध्ये ल्युमिनॉसिटी आणि सिसाबेट या टोपणनावांनी काम करणाऱ्या दोघींनी 'विमेन्स वर्क' नावाचा व्हिड केला. मालिका 'सुपरनॅचरल', गाणं होल या बँडचं 'व्हायोलेट'. मालिका दोन भावांची आहे, भुताखेतांची शिकार करत गावोगाव फिरणाऱ्या. २००५ च्या पहिल्या भागात त्यांची आई छताला चिकटून जळते, आणि त्याच भागाच्या शेवटी धाकट्याची मैत्रीण तशीच मरते. भावांची कथा सुरू व्हायला दोन बायका जाळाव्या लागतात. या दोघींनी काय केलं? मालिकेतले बायकांवरच्या हल्ल्यांचे, मृत्यूंचे, झपाटलेपणाचे तुकडे एकापुढे एक लावले आणि झोत भावांवरून काढून घेतला.

दर आठवड्याला एक भाग बघताना एक मृत्यू दिसतो, आणि तो कथेची गरज वाटतो. व्हिडमध्ये ते सगळे साडेतीन मिनिटांत येतात आणि गरज हा शब्द वापरायला जागा राहत नाही. हा परिणाम शब्दांतल्या समीक्षेला मिळवणं अवघड आहे. तुम्ही 'मालिकेत स्त्रियांवरील हिंसा वारंवार दिसते' असं लिहिलंत तर वाचणारा मान डोलावून पुढच्या परिच्छेदाकडे जाईल. आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते: हे तुकडे देखणे आहेत. छायाचित्रण सुरेख, कापणी ठेक्यावर. आपण तो व्हिड आवडीने बघत असतो आणि काय आवडतंय ते लक्षात येतं. व्हिड करणाऱ्या दोघी स्वतः त्या मालिकेच्या चाहत्या होत्या, त्यामुळे बोट त्यांच्याकडेही आहे.

याला ट्रिब्यूट म्हणायचं का? ही टीका आहे, पण ती फक्त चाहतीच करू शकते, कारण इतके तुकडे गोळा करायला मालिका पुन्हा पुन्हा बघावी लागते. तुम्ही ज्याला डेटा गोळा करणं म्हणता तेच इथे झालंय: नमुना ठरवला, तुकडे वेचले, वर्गवारी केली, क्रम लावला. फरक एकच. ज्या बायका वाचतात, लढतात, त्यांना व्हिड बाजूला ठेवू शकतो. तुमच्या प्रबंधाला ती सूट नाही. म्हणून 'विमेन्स वर्क' दाखवून 'सुपरनॅचरल' स्त्रीद्वेष्टी आहे हे सिद्ध झालं असं लिहू नका. चाहत्यांमध्ये अशी समज होती आणि ती त्यांनी एकमेकांना दाखवली, इतकं मात्र नक्की लिहिता येतं.

आता हे सगळं आपल्याकडच्या व्हीएमला लावून बघा. समजा 'इस प्यार को क्या नाम दूं?' घेतली, स्टार प्लसवर जून २०११ ते नोव्हेंबर २०१२ चाललेली. अर्णव आणि खुशी या जोडीचे असंख्य व्हीएम झाले. कोप्पांची 'कापून टाकलेली बाई' इथे चालत नाही, कारण खुशी जवळजवळ प्रत्येक भागाच्या मध्यभागी आहे. मग व्हीएम नेमकं काय भरून काढतो? माझा अंदाज सांगतो, तपासायचं काम तुमचं. एक म्हणजे वेळ. रोजच्या मालिकेत एका कटाक्षावर तीनदा झूम होतो, ढोल वाजतो, जाहिराती येतात, आणि मग दोन आठवडे घरातल्या दुसऱ्याच कुणाचा तरी ट्रॅक चालतो. व्हीएम हे सगळं काढून टाकून त्या दोघांची गोष्ट एका दमात सांगतो. चाहते निर्मात्यांवर चिडतात ते कशावरून, हे व्हीएममध्ये काय गाळलंय त्यावरून कळेल.

दुसरा मुद्दा गाण्याचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जेन्किन्स-कोप्पा ज्या मालिकांबद्दल लिहितात त्यांच्यात पात्रं एकमेकांकडे बघताना प्रेमगीत वाजत नाही. तिथे गाणं बाहेरून येतं, म्हणून ते भाष्य ठरतं. हिंदी मालिका स्वतःच स्वतःचा म्युझिक व्हिडिओ करत असते. या मालिकेत दोघं समोरासमोर आले की 'रब्बा वे'ची धून यायचीच. मग चाहती जेव्हा त्याच दृश्यावर दुसरं गाणं लावते, तेव्हा ती रिकाम्या जागी काही ठेवत नसते, आधीचं गाणं काढून आपलं बसवत असते. त्यात ते सिनेमातलं गाणं असेल तर ते आपली नायक-नायिका, आपला पाऊस, आपलं स्वित्झर्लंड सगळं बरोबर घेऊन येतं. बघणारीच्या डोक्यात एकाच वेळी दोन जोड्या चालतात. यावर पाश्चात्त्य व्हिडिंगचा सिद्धांत जसाच्या तसा चिकटवला तर नेमकं हेच निसटतं. सिनॉप्सिसमध्ये 'संशोधनातील उणीव' असा जो रकाना असतो, त्यात 'भारतीय संदर्भात अभ्यास झालेला नाही' हे घिसंपिटं वाक्य टाकण्यापेक्षा हा मुद्दा टाका. आणि हो, ज्यांना मराठी मालिका घ्यायच्या आहेत त्यांनीही आधी शीर्षकगीताचं आणि पार्श्वसंगीताचं काय होतं ते बघावं.

साहित्य गोळा करायला लागाल तेव्हा ते पायाखालून सरकतंय हे लवकरच जाणवेल. आयमीम या साइटवर अनेक व्हिडरनी काम ठेवलं होतं, २००९ मध्ये ती बंद पडली आणि सगळं गेलं. शिकागोला २००२ पासून भरणारं, फक्त व्हिडसाठी असलेलं 'व्हिव्हिडकॉन' २०१८ नंतर थांबलं. यूट्यूबवर स्वामित्वहक्काच्या दाव्यावरून आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उडतो. अमेरिकेत २०१० पासून बिगर-व्यावसायिक व्हिडिओंसाठी डीव्हीडीचं कुलूप तोडायला कायदेशीर सवलत आहे, पण ती सवलत यूट्यूबच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला काही विचारत नाही. तेव्हा बघितलेल्या प्रत्येक व्हिडची नोंद त्याच दिवशी करा: तारीख, लांबी, गाणं, आणि शक्य तितकं तुकड्यागणिक वर्णन. 'नंतर परत बघू' चालत नाही.

परवानगीचंही तसंच. बरेच व्हिडर टोपणनावाने काम करतात, घरी किंवा ऑफिसात कुणाला माहीत नसतं. वर उल्लेख केलेलं नियतकालिक लेखकांना चाहत्यांच्या ऑनलाइन कामाचा उल्लेख करण्याआधी त्यांची परवानगी घ्यायचा आग्रह धरतं. आपल्या विद्यापीठाच्या एथिक्स फॉर्ममध्ये यासाठी चौकट नसेल, तरी विचारा. कुणी नाही म्हणालं तर तो व्हिड सोडून द्या, कितीही चपखल असला तरी.

आणि पायलट स्टडी म्हणून प्रश्नावली वाटायच्या आधी एक करून बघा. एखाद्या मालिकेच्या तीन पक्क्या चाहत्या आणि ती कधीच न पाहिलेली एक व्यक्ती, अशा चौघांना एकच व्हिड दाखवा. त्यांच्या प्रतिक्रियांचे सेकंद टिपा: कुठे तिघी एकदम हसल्या, कुठे एकीने 'थांब, थांब, मागे घे' म्हटलं, कुठे चौथीने 'हा कोण?' विचारलं आणि तिला उत्तर कुणी, किती लांबवर दिलं.